नवी कयाक मासेमारीला आणि बदकाच्या शिकारीला तयार करताना

ह्यूस्टनकडे येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्याला कोकणात गरवायची सवय होती, त्याला कधी ना कधी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद बोट, घ्यावीशी वाटतेच. किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकायला इथे जागा पुष्कळ आहेत. पण चांगला मासा असतो तो गवताच्या आत, गुडघाभर पाण्यात, जिथे मोटरबोटीचा तळ टेकतो. हिवाळ्यात बदकं उतरतात तीही त्याच गवतात. त्यामुळे एकाच बोटीवर दोन्ही छंद भागतात आणि बोट एकदाच नीट तयार केली तर पैसेही वाचतात.

हा लेख टेक्सासच्या किनाऱ्यासाठी आहे: क्रिसमस बे, गॅल्व्हेस्टन बे आणि तिथून पुढे पोर्ट आर्थरपर्यंतची दलदल. दुसऱ्या राज्यात असाल तर बोटीबद्दलचं सगळं लागू पडेल, कायद्याबद्दलचं मात्र तिथलं तपासा.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बोटीवर जी वस्तू लावाल ती दोन परीक्षांना उतरली पाहिजे. बसल्या जागेवरून तिच्यापर्यंत हात पोचतो का? आणि बोट उलटली तर पाण्यातून परत चढताना ती आडवी येते का? दुकानातल्या निम्म्या वस्तू यातच बाद होतात.

१. आधी कागद, मग खरेदी

नुसती वल्ह्याची कयाक असेल तर टेक्सासमध्ये तिची नोंदणी लागत नाही. तिला छोटी बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटर लावलीत की ती मोटरबोट ठरते आणि नोंदणी करावी लागते. मोटर स्वस्तात मिळाली म्हणून लावून टाकणारे इथेच अडकतात.

लागणारे कागद असे:

- मासेमारीचा परवाना, खाऱ्या पाण्याच्या एंडॉर्समेंटसह (म्हणजे परवान्याला जोडलेली जादा परवानगी). परवाना टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभाग देतो.
- शिकारीचा परवाना आणि मायग्रेटरी गेम बर्ड एंडॉर्समेंट. ते घेताना मागच्या हंगामात किती पक्षी मारले वगैरे प्रश्न विचारतात. त्याला एचआयपी म्हणतात. नवखे असाल तर उत्तर शून्य, पण प्रश्न टाळून चालत नाही.
- फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी लागणारा केंद्र सरकारचा स्टॅम्प. १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला लागतो, किंमत २५ डॉलर. १९३४ पासून ही पद्धत चालू आहे. कागदी स्टॅम्प घेतलात तर त्यावर शाईने सही करायची, सहीशिवाय तो धरत नाहीत.
- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र, जर तुमचा जन्म २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर झाला असेल तर. १७ वर्षांवरच्यांना हा अभ्यास ऑनलाइन करता येतो.
- राज्याच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात, उदाहरणार्थ पोर्ट आर्थरजवळच्या जे. डी. मर्फ्रीमध्ये जायचं असेल, तर ४८ डॉलरचा ॲन्युअल पब्लिक हंटिंग परमिट.

टेक्सासमध्ये सलग सहा महिने राहिला असाल तर तुम्ही रेसिडेंट. मग ६८ डॉलरचा सुपर कॉम्बो घेतला की मासेमारी, शिकार आणि पक्ष्यांचं एंडॉर्समेंट सगळं एकत्र येतं. फेडरल स्टॅम्प त्यात धरलेला नसतो, तो वेगळा. परवान्याचं वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट असतं. मे महिन्यात हौसेने घेतलेला परवाना ऑगस्टअखेर संपतो आणि बदकाच्या हंगामात पुन्हा पैसे भरावे लागतात.

आता आपल्यापैकी अनेकांना लागू पडणारी आणि दुकानात कुणी आपणहून न सांगणारी गोष्ट. एच-१बी, एफ-१ किंवा तशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. या बंदीला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार-परवाना असणं. म्हणजे क्रम असा: आधी हंटर एज्युकेशन, मग परवाना, मग बंदूक. ‘मित्राची आहे, जरा धरून बघतो’ हेही परवाना हातात आल्यावरच. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. तुमच्या व्हिसाची अवस्था जरा गुंतागुंतीची असेल, अर्ज मध्ये लटकलेला असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकार संपलीच. त्यामुळे इथे येणारा आपला माणूस बहुधा कोराच असतो, आणि ते वाईट नाही. हंटर एज्युकेशनमधलं तो लक्ष देऊन ऐकतो.

२. बोट निवडताना, किंवा घेतलेलीच नीट बघताना

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप बोट घ्या. तिच्या तळात आरपार भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप निघून जातं, आणि उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही. आत पाय घालून बसायची बोट दिसायला छान, पण मासा, गळ, बंदूक आणि जाड कपडे घेऊन तिच्यात परत शिरणं नवख्याचं काम नव्हे.

साधारण १२ फूट लांबी आणि ३२ ते ३६ इंच रुंदी या कामाला बरी. बोटीवर लिहिलेली वजनाची क्षमता बघा आणि तिच्या दोन तृतीयांशच खरी धरा. ४०० पौंड लिहिलं असेल तर तुम्ही, कपडे, पाणी, सामान, नांगर, डिकॉय (बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायची खोटी बदकं) आणि बर्फ मिळून २७० च्या आत. तुमचं वजन १८० असेल तर उरले ९०. मासेमारीला ते पुरतात. बदकाच्या दिवशी मात्र वेडर्स (पाण्यात उतरायची बुटांसकटची जलरोधक विजार), बंदूक, काडतुसं आणि डझनभर डिकॉय मिळूनच ५० पौंड कधी होतात कळत नाही. बोट जड झाली की ती बुडत नाही, आळशी होते. लाट आली की वेळेवर उठत नाही.

रंगाबद्दल दोन मतं आहेत. मासेमारीला पिवळी-केशरी बोट सुरक्षित, बदकाला मातकट हवी. मी मातकट किंवा ऑलिव्ह घ्या म्हणेन. प्रवासात उंच काठीला केशरी झेंडा लावता येतो. केशरी बोट मात्र गवतात लपवायची तर पूर्ण झाकावी लागते.

वल्हं बोटीच्या रुंदीवर ठरतं, तुमच्या उंचीवर तेवढं नाही. ३२ इंचांच्या वर रुंदी असेल तर २४० ते २६० सेंटिमीटर. आखूड वल्ह्याने गुडघे आणि बोटीच्या कडा सोलून निघतात. पैसे वाचवायचे असतील तर इतरत्र वाचवा, वल्हं हलकं घ्या. दिवसभर तेच उचलायचं असतं.

३. काहीही न लावता पाण्यात

पहिले काही आठवडे बोट कोरी वापरा. लाइफ जॅकेट, वल्हं, पाणी आणि गळाची एक साधी काठी, बस्स. हात कुठे जातो, वल्हं फिरताना कोपर कुठपर्यंत येतं, पाय कुठे टेकतात, मासा काढताना तुम्ही डावीकडे वळता की उजवीकडे, हे सगळं पाण्यात कळतं. गॅरेजमध्ये बसून कळत नाही. आर्मंड बायूचा पॅडलिंग ट्रेल याला चांगला. वारा कमी लागतो आणि रस्ता चुकायची भीती नाही.

याच काळात बोट मुद्दाम उलटी करायची. कंबर ते छातीइतकं पाणी, खाली वाळू, सोबत कुणीतरी. बोट सुलटी करा, मधोमध या, पाय मागे पाण्यावर तरंगू द्या, कडेवरून अंग आत खेचून पोटावर पडा, मग कुशीवर वळा आणि बसा. हात ताणून चढायला गेलात तर बोट पुन्हा अंगावर येते. पाय आधी वर तरंगले पाहिजेत, यातच सगळं आहे. जमेपर्यंत करा. मग पुढे प्रत्येक नवीन वस्तू लावली की हाच प्रयोग पुन्हा करा. बसायच्या जागेशेजारी कडेला उभा केलेला रॉड होल्डर (गळाची काठी ठेवायची खोबण) पोटात कसा रुततो हे तेव्हा समजतं, आणि तो मागे सरकवायची बुद्धी होते.

४. आधी जीव वाचवणारं

अंगात घालायचं लाइफ जॅकेट माणशी एक, हा कायदा. मोठ्यांनी ते घातलंच पाहिजे अशी सक्ती नाही, १३ वर्षांखालच्या मुलांना आहे. पण मागे बांधून ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर घालता येत नाही, तेव्हा वाद घालू नका, घाला. मासेमारीसाठी पाठ उंच असलेलं मिळतं, म्हणजे खुर्चीची पाठ टोचत नाही.

जॅकेटवर शिट्टी आणि बोथट टोकाची सुरी अडकवा. सुरी मासा कापायला नाही, दोरीत पाय अडकला तर कापायला. अंधारात निघणार असाल, आणि बदकाला तर अंधारातच निघावं लागतं, तर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा काठीवर लावा. हातात धरायचा टॉर्च कायद्याने चालतो, पण हात वल्ह्यावर असताना तो कोण दाखवणार? हातातला व्हीएचएफ रेडिओ पाण्यात तरंगणारा घ्या. चॅनेल १६ वर कोस्ट गार्ड ऐकत असतं. फोन पाण्यात पडला तर निघून जातो, आणि ओल्या बोटांना तो दादही देत नाही.

५. भोकं पाडण्याआधी

नवख्याचा हात इथेच शिवशिवतो. नवीन बोट, नवीन ड्रिल आणि शनिवारची सकाळ. थांबा.

बहुतेक कयाक पॉलिएथिलिनच्या असतात. या प्लास्टिकला गोंद धड चिकटत नाही, म्हणून चिकटवायच्या वस्तूंवर भार टाकू नका. बऱ्याच बोटींना कडेला कारखान्यातूनच धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे ट्रॅक, बसवलेला असतो. त्यात सरकवून घट्ट करायचे होल्डर मिळतात, भोक लागत नाही, आणि जागा चुकली तर पुढे-मागे करता येतं. तुमच्या बोटीला ट्रॅक नसेल तर दोन्ही कडांना एकेक ट्रॅक लावा आणि मग बाकी सगळं त्यावरच चढवा. चार चांगली भोकं पाडली की पुढची वीस वाचतात.

सामान: ड्रिल, मास्किंग टेप, पेन्सिल, पाना, ३१६ दर्जाचे स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट, मोठ्या घेराचे वॉशर, मरीन सीलंट, आणि आत हात पोचत नसेल तिथे ट्राय-ग्रिप रिव्हेट व रिव्हेट गन. साध्या दुकानातला स्टेनलेस बोल्ट खाऱ्या पाण्यात गंजाचे डाग सोडायला लागतो, म्हणून ३१६.

कृती अशी. बोट गवतावर ठेवा, जॅकेट घालून बसा, हवेत वल्हं मारा. ट्रॅक टेपने तात्पुरता चिकटवा. वल्हं, कोपर, गुडघा काहीही लागत नाही ना बघा. मग हॅच, म्हणजे बोटीच्या पोटात हात घालायचं झाकण, उघडून आत हात घाला आणि भोकाच्या मागे काय आहे ते चाचपा: फोम, सुकाणूची तार, की तळातून वर आलेली पाण्याची नळी. त्या नळीला भोक पडलं तर बोटीत पाणी शिरायला कायमची वाट झाली. ड्रिलच्या पात्यावर अर्ध्या इंचावर टेप गुंडाळा, म्हणजे पातं आत धसणार नाही. आधी बारीक भोक, मग मापाचं. प्लास्टिकचा पिळदार चुरा निघतो तो हाताने काढा, फुंकून आत ढकलू नका. भोकात आणि बोल्टच्या गळ्याला सीलंट लावा, आतून वॉशर आणि नट, आणि पाना हलक्या हाताने. सीलंट कडेने जरासं बाहेर आलं की थांबा. प्लास्टिक दाबलं जाऊन खड्डा पडला म्हणजे जास्त झालं. सीलंटला एक दिवस सुकू द्या आणि मगच पाण्याचा पाइप मारून आतून बघा.

आपोआप आटे पाडणारे स्क्रू पाण्याची बाटली अडकवायला ठीक. नांगर किंवा रॉड होल्डरला कधीही नाही, एक मोठा मासा त्यांना उपटून नेतो.

६. नांगर: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात घातकी

कयाकवरून माणूस पाण्यात पडतो त्याची दोन कारणं बघितली आहेत: मागे वळून सामान काढणं आणि नांगर कडेला बांधणं. प्रवाहात किंवा वाऱ्यात बोट मधून कडेला बांधली की ती आडवी उभी राहते, पाणी एका बाजूने दाबतं आणि क्षणात उलटवतं.

यावर उपाय म्हणजे अँकर ट्रॉली. बोटीच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, एक कप्पी, मागच्या टोकाजवळ एक कप्पी, दोन्हींतून फिरणारी बंद दोरी आणि दोरीला एक कडं. नांगराची दोरी त्या कड्यातून जाते. तुम्ही मधे बसून ट्रॉली ओढली की नांगर नाळेकडे किंवा शेपटाकडे सरकतो, आणि बोट वाऱ्याच्या रेषेत उभी राहते. बाजारात तयार संच मिळतो, दोन कप्प्या आणि दोरी वेगळी घेतली तरी तेच. कप्प्या ज्या बोल्टला लावाल ते आतून वॉशरसकट हवेत.

गॅल्व्हेस्टन बेच्या मऊ चिखलात बहुतेक वेळा नांगर लागतच नाही. सहा-आठ फुटांची फायबरची काठी चिखलात खुपसायची आणि ट्रॉलीच्या कड्याला बांधायची. पाणी खोल असेल तर दीड ते तीन पौंडांचा दुमडणारा नांगर पुरतो. काहीही वापरा, दोरीच्या बोटीकडच्या टोकाला एक तरंगता बोया आणि झटक्यात सुटणारी पकड असलीच पाहिजे. मोठ्या जहाजाची लाट आली, किंवा मासा ओढून न्यायला लागला, की दोरी सोडायची, बोया तरंगत राहतो, नंतर येऊन उचलायचा.

ह्यूस्टन शिप चॅनेलच्या आसपास तर कयाक नेऊच नका. जहाज दूर दिसतं, त्याची लाट उथळात येऊन उभी राहते ती नंतर.

७. मासेमारीचं सामान

इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण दुकानदार याच भागात सगळ्यात जास्त वेळ घेतील.

मागच्या खोबणीत एक प्लास्टिकचा क्रेट, त्याला पीव्हीसीच्या दोन-तीन नळ्या झिप-टायने बांधल्या की रॉड उभे राहायची सोय झाली. समोर एक होल्डर, तो ट्रॅकवर. दोन काठ्या पुरेत. झाडाखालून, पुलाखालून जाताना मागे उभ्या काठ्या अडकतात हे लक्षात ठेवा. गळ काढायची लांब पक्कड दोरीने बांधलेली हवी. पक्कड, टोपी आणि चष्मा ही तळाला जाणारी नेहमीची मंडळी.

काठीला दोरी बांधावी का? समुद्रात हो. पण वल्ह्याला, काठ्यांना, क्रेटला, सगळ्यांनाच दोऱ्या बांधल्यात तर उलटल्यावर तुम्ही जाळ्यात सापडाल. वल्ह्याला एक आणि हातातल्या काठीला एक, बाकीचं सामान बोटीला घट्ट बांधा.

फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र, सुरुवातीला नको. दोन-तीन फूट पाण्यात तो तुम्हाला चिखल दाखवेल, जो तुम्हाला दिसतोच आहे. पुढे घ्यावासा वाटलाच तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी कोरड्या डब्यात ठेवा आणि बॅटरीजवळच्या तारेत फ्यूज घाला.

माशांबद्दल एवढंच. इथला रेडफिश आणि स्पेकल्ड ट्राउट हे दोन्ही आपल्या घोळीच्या कुळातले, तेव्हा चवीची काळजी नको. टॅग न लावता रेडफिश २० ते २८ इंचांचाच ठेवता येतो, दिवसाला तीन. म्हणून पट्टी बोटीत हवीच, आणि शेपूट चिमटीत धरून मोजायचं. घरी पोचेपर्यंत डोकं-शेपूट कापायचं नाही, वॉर्डनला, म्हणजे नियम तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, मोजता आलं पाहिजे. हार्डहेड कॅटफिश म्हणजे आपला शिंगाळाच, काटा लागला तर विषारी, उघड्या हाताने धरू नका. उतरून चालणार असाल तर पाय घासत चाला, पाकट दूर होते. आणि कालवांच्या खडकावर बूट न घालता उतरू नका. बोटीचा तळही त्यावर ओढू नका.

८. बदकासाठी: लपण आणि बंदूक

टेक्सासमध्ये सप्टेंबरात टील या लहान बदकांचा वेगळा हंगाम असतो, मोठा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबर गाठावा. पाणी कोमट असतं, पडलात तरी थंडीने गारठत नाही. त्याच्या बदल्यात डास आणि मगरी. मारलेलं बदक आणायला पाण्यात उतरण्याआधी आजूबाजूला बघून घ्या, आणि शक्यतो बोटीतूनच उचला.

लपण कायमचं बांधू नका. बोटीला छलावरणाचा रंग मारू नका, तोच रंग उन्हाळ्यात मोटरबोटवाल्याला तुम्हाला दिसू देणार नाही. गोणपाटाचे दोन लांब तुकडे घ्या, त्यांना रॅफियाच्या गवताच्या झुबक्या बांधा आणि बंजी दोरीने बोटीच्या कडांना अडकवा. जागेवर पोचल्यावर तिथलंच थोडं गवत खोचलं की झालं. जाताना-येताना सगळं गुंडाळून ठेवायचं आणि झेंडा वर. एक कडा मोकळी सोडा, चढायची बाजू तीच.

डिकॉय डझनभर पुरेत. टेक्सास रिग म्हणजे प्रत्येक डिकॉयच्या तंगुसाला वजन आणि कडं, आणि सगळी कडी एका हुकात. टाकायला आणि गोळा करायला सोपं, दोऱ्यांचा गुंता होत नाही. ते पायाशी नको, मागे.

आता बंदूक. हे नियम फेडरल आहेत आणि वॉर्डन पाण्यावर येऊन तपासतो:

- छर्रे शिशाचे चालत नाहीत. १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी देशभर बंदी आहे. स्टीलचे किंवा मान्य असलेले इतर बिनविषारी. खिशात चुकून राहिलेलं शिशाचं एक काडतूससुद्धा गुन्हा.
- बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत. पंप किंवा सेमीऑटो प्रकारच्या बंदुकीत त्यासाठी प्लग, म्हणजे काडतुसांची जागा अडवणारा दांडा, घालतात. तो आत आहे ना, हे घरीच तपासा.
- सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्त, एवढाच वेळ.
- मोटर लावली असेल तर ती बंद करून बोट पूर्ण थांबल्याशिवाय गोळी नाही.
- बदक घरी नेईपर्यंत डोकं किंवा पिसांसकट एक पंख अंगाला राहू द्यायचा.

वल्हवताना बंदूक रिकामी, तरंगणाऱ्या केसमध्ये, नळी नाळेकडे. गवतात शिरून बोट दोन्ही टोकांना काठ्यांनी पक्की केली, डिकॉय टाकले, बसलात, मग भरायची. निघताना आधी रिकामी, मग बाकी आवराआवर. बोटीतून उचलताना नळी धरून स्वतःकडे ओढायची नाही.

बारा बोअरची बंदूक कडेला झाडली तर तिचा धक्का बोटीलाही लागतो. तरंगत्या बोटीतून फक्त समोर, नाळेच्या दोन्ही बाजूंना थोडं, एवढंच. मागून आलेलं बदक जाऊ द्या. उभं राहून तर नाहीच. जमीन जरा कठीण असेल तर बोट गवतात लपवून शेजारी छोट्या स्टुलावर बसणं सगळ्यात चांगलं. आधी वल्ह्याने जमीन चाचपा, इथला चिखल मांडीपर्यंत घेतो. वेडर्सचा कमरेचा पट्टा आवळलेला हवा, आणि जॅकेट वेडर्सच्या वरून.

अनाह्वाक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजचे काही भाग शिकारीला खुले असतात, काही नाहीत. त्यांचा त्या वर्षीचा नकाशा सोबत ठेवा, सीमा गवतात दिसत नाही.

९. वारा, पाणी, गाडी

मुंबई-रत्नागिरीकडच्या माणसाचा इथे एक गोंधळ होतो. आपल्याकडे मुंबईला उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, म्हणून आपण तक्ता बघून निघतो. गॅल्व्हेस्टनला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक-दोन फूट, आणि पुष्कळदा दिवसाला एकच भरती. इथे पाणी हलवतो तो वारा. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारा सुटला की तो बेमधलं पाणी समुद्रात ढकलतो. सकाळी ज्या नाल्यातून आत गेलात तिथे दुपारी चिखल उरतो, आणि बोट ओढत यावं लागतं. तक्त्याबरोबर वाऱ्याची दिशा बघा. नॉर्दर, म्हणजे हाच उत्तरेचा वारा, येणार असं हवामान खातं सांगत असेल त्या दिवशी आतल्या तळ्यात शिरू नका.

वारा ताशी १५ मैलांच्या वर गेला की नवख्याने घरी बसावं. बे उथळ आहे, लाटा आखूड आणि उभ्या होतात. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमून परतताना तो पाठीशी असतो. बदक-मासे मिळाल्यावर बोट जडही झालेली असते.

गाडीच्या टपावर बांधताना कॅम बकलचे, म्हणजे हाताने ओढून घट्ट करायचे, पट्टे वापरा. रॅचेटने, म्हणजे दात्यांच्या खटक्याने, आवळलं तर प्लास्टिक चेपतं, आणि उन्हात तसंच बसतं. पुढे-मागे नाळेपासून बंपरपर्यंत एकेक दोरी. बोट मागे चार फुटांपेक्षा जास्त बाहेर येत असेल तर लाल कापड. पट्ट्याला एक पीळ द्या, हायवेवर तो वाऱ्याने आवाज करत नाही.

परतल्यावर गोड्या पाण्याने बोट, काठ्यांच्या रीळ आणि विशेषतः ट्रॉलीच्या कप्प्या धुवा. बंदूक त्याच रात्री उघडून कोरडी करून तेल लावा, खारी हवा सकाळपर्यंत थांबत नाही. गोड्या तळ्यातून आला असाल तर बोटीतलं सगळं पाणी तिथेच काढून टाकायचा नियम आहे, झेब्रा मसल हे शिंपले आणि जायंट साल्विनिया ही पाणवनस्पती पसरू नये म्हणून. बोट सावलीत, उलटी किंवा कडेवर ठेवा. दोन दगडांवर मधोमध ठेवली तर ह्यूस्टनच्या ऑगस्टात तळाला खड्डे पडतात. हॅच थोडं उघडं ठेवा, आणि पुढच्या खेपेआधी त्यात हात घालून नट ढिले झाले नाहीत ना ते बघा.